बॅडमिंटन रॅकेटला किती पाऊंडचं टेन्शन? पहिल्यांदा गटिंग करून घेणाऱ्यांसाठी

रॅकेट गटिंगला, म्हणजे नव्या तारा ओवून ताणून घ्यायला, दिली की पहिला प्रश्न येतो, ‘किती पाऊंड?’ नवा खेळाडू बहुतेक वेळा शेजारच्या कोर्टवर कानावर पडलेला आकडा सांगून मोकळा होतो. २६, २७, कधी २८ सुद्धा. मग पुढचे दोन महिने शटल मागच्या रेषेपर्यंत का जात नाही याचा शोध तो आपल्या खांद्यात घेत राहतो. खांदा ठीकच असतो, पण तारा त्याच्या फटक्याच्या मानाने फार ताणलेल्या असतात.

आकडा दुसऱ्याच्या रॅकेटवरून उचलायचा नसतो. तुमचा फटका किती वेगाने येतो आणि शटल तारांच्या मध्यावर किती वेळा लागतं, या दोन गोष्टींवरून तो ठरतो. दोन्ही गोष्टी मोजता येतात, आणि मोजायला कोर्टवरची अर्ध्या तासाची सवड पुरते.

आकडा नेमका कशाचा

गटिंगचं मशीन प्रत्येक तार जितक्या जोराने ओढतं आणि मग पकडीत धरतं, तो जोर म्हणजे टेन्शन. रॅकेटवर ‘एलबीएस’ असं छापलेलं असतं, ते पाऊंडच. किलोत समजून घ्यायचं असेल तर २.२ ने भागा. २० पाऊंड म्हणजे ९.१ किलो, २२ म्हणजे १०, २४ म्हणजे १०.९, २६ म्हणजे ११.८ आणि २८ म्हणजे १२.७ किलो. काही मशीनवर किलोचेच आकडे असतात, त्यामुळे हा हिशेब लक्षात असलेला बरा.

हा आकडा एकाच तारेचा आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. रॅकेटमध्ये साधारण २२ उभ्या तारा असतात. २४ पाऊंडांनी त्या सगळ्या ओढल्या की डोक्याची, म्हणजे तारा बसवलेल्या गोलसर भागाची, वरची कड खालच्या कडेकडे सुमारे २४० किलोंच्या ओढीने खेचली जाते. रॅकेटचं स्वतःचं वजन असतं ८०-८५ ग्रॅम. प्रत्येक वाढीव पाऊंडामागे या ओढीत जवळपास १० किलोंची भर पडते. ‘दोन पाऊंड जास्त घालून बघू’ म्हणण्याआधी हे गणित डोळ्यांसमोर असावं.

आता तारांचं काम बघू. शटलचं बूच तारांवर आदळतं, तारा आत दबतात आणि परत उसळतात. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या हजारांश भागांत उरकतो. सैल तारा जास्त दबतात, शटल किंचित जास्त वेळ धरून ठेवतात आणि हळू फटक्यालाही चांगली उसळी देतात. ताणलेल्या तारा कमी दबतात. त्यांना दाबायलाच वेगवान फटका लागतो. तेवढा वेग हातात नसेल तर तारा नीट दबत नाहीत, धक्का बुचात, फ्रेममध्ये आणि तुमच्या कोपरात जातो, आणि शटल अर्ध्या कोर्टात पडतं.

‘टेन्शन जास्त तर पॉवर जास्त’ ही समजूत इथेच चुकते. वाढलेलं टेन्शन देतं ती अचूकता. शटल तारांवर कमी वेळ टेकतं, म्हणून रॅकेटचं तोंड जिकडे असेल तिकडेच ते सुटतं. शिवाय आवाज खणखणीत येतो, आणि त्या आवाजामुळेच फटका जोरदार बसल्याचा भास होतो. टेन्शन वाढलं की स्वीट स्पॉट, म्हणजे जिथे लागलं की शटल मनासारखं जातं तो मधला भाग, लहान होतो. दर वेळी मध्यावरच मारणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. शिकाऊ खेळाडूच्या निम्म्या फटक्यांचा जीव मात्र तिथेच जातो.

नियमांच्या बाजूने कसलीही अडकाठी नाही. बॅडमिंटनचे नियम तारांच्या भागाची कमाल लांबी २८० मिमी आणि रुंदी २२० मिमी ठरवून देतात, पण टेन्शनला मर्यादा घालत नाहीत. मर्यादा घालते ती रॅकेट.

पायरी १: रॅकेटवर काय छापलंय ते वाचा

मुठीच्या वरचा शंकूसारखा भाग, दांडा किंवा डोक्याची आतली बाजू, यांपैकी कुठेतरी बारीक अक्षरांत ‘२०–२८ एलबीएस’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. काही रॅकेटवर उभ्या आणि आडव्या तारांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. जवळच ‘४यू’ किंवा ‘३यू’ असेल. ते वजन आहे: ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. त्याच्यापुढचा ‘जी’ चा आकडा मुठीच्या जाडीचा, त्याचा टेन्शनशी संबंध नाही.

वरचा आकडा ही फ्रेमची हद्द आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्याची गरज नाही. छापील हद्द ओलांडून गटिंग केलं आणि फ्रेम गेली तर कंपन्या सहसा वॉरंटी मानत नाहीत. रॅकेट जुनी असेल, दुहेरीत जोडीदाराच्या रॅकेटवर आपटलेली असेल, रंगाखाली केसासारखी रेघ दिसत असेल, तर छापील हद्दीच्या २-३ पाऊंड खालीच थांबा. कार्बन फ्रेमची भेग वरून दिसते त्यापेक्षा आत जास्त पसरलेली असू शकते, आणि ती उघडी पडते मशीनवर.

अक्षरं पुसली गेली असतील तर २० ते २२ च्या पुढे जाऊ नका. स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, डोकं आणि दांडा वेगळ्या तुकड्याने जोडलेल्या स्वस्त रॅकेटला १८ च्या आसपासच ठेवा. खरं म्हणजे अशा रॅकेटच्या गटिंगवर खर्च करण्यापेक्षा ते पैसे पूर्ण ग्राफाइटच्या रॅकेटसाठी बाजूला टाकलेले चांगले.

तारांसकट विकत मिळणाऱ्या रॅकेटबद्दलही हे इथेच सांगायला हवं. कारखान्यातलं गटिंग बहुतेक वेळा सैल असतं आणि तार साधी असते. रॅकेट दुकानात किती महिने टांगलेली होती त्यावर ते आणखी उतरलेलं असतं. पहिले काही आठवडे त्यावर खेळायला हरकत नाही, पण त्यावरून ‘ही रॅकेट वाईट आहे’ असा निकाल देऊ नका.

पायरी २: आपला फटका मोजा

दोन चाचण्या आहेत. दोन्ही थोडं अंग गरम झाल्यावर, पण दमायच्या आधी घ्या.

*अंतराची चाचणी.* मागच्या रेषेजवळ उभे राहा. जोडीदाराला समोरून उंच शटल द्यायला सांगा आणि डोक्यावरून १० क्लिअर मारा, म्हणजे समोरच्या मागच्या रेषेपर्यंत जाणारे उंच, लांब फटके, ज्यांना बरेच जण टॉस म्हणतात. कोर्टची लांबी १३.४० मीटर आहे. समोरच्या मागच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत एक आडवी रेषा असते, दुहेरीच्या सर्व्हिसची. त्या दोन रेषांमधल्या पट्ट्यात किती शटल पडली ते मोजा. अंग पिळवटून मारलेला एखादा फटका धरू नका. रोजच्या खेळात, तिसऱ्या गेममध्येही मारता येईल अशाच फटक्यांचा हिशेब करा. शटलही त्या हवेला साजेशा वेगाचं आणि न मोडलेलं असावं. पिसं फाटलेल्या शटलवरून काहीच कळत नाही.

*मध्याची चाचणी.* ही फारसं कुणी करत नाही, पण सगळ्यात जास्त हीच शिकवते. शटलच्या बुचाला खडूची पूड चोळा आणि २० फटके मारा. दर चार-पाच फटक्यांनंतर पूड पुन्हा लावा. तारांवर पांढरे ठिपके उमटतात. बहुतेक ठिपके मध्यापासून थोडे वर, तळहाताएवढ्या जागेत असतील तर तुमचा नेम बसला आहे. ठिपके वरच्या कडेपर्यंत आणि बाजूंना विखुरलेले असतील तर सध्या तुम्हाला मोठा स्वीट स्पॉट हवा, म्हणजे कमी टेन्शन हवं.

जुन्या तारा अजून रॅकेटवर असतील तर त्यांच्याकडेही बघा. जिथे त्या सर्वांत जास्त झिजल्यात, उभ्या-आडव्या तारांच्या फुल्यांवर जिथे खाचा पडल्यात, तिथे तुमचं शटल लागतं.

पायरी ३: सुरुवातीचा आकडा ठरवा

वरच्या दोन चाचण्या हाताशी ठेवून पुढच्यांपैकी एक निवडा. आकडे उभ्या तारांचे आहेत आणि इलेक्ट्रॉनिक मशीन धरून दिलेले आहेत.

- १०-१२ वर्षांपर्यंतची मुलं: १७ ते २० पाऊंड. मुलांच्या रॅकेटला मोठ्यांचं टेन्शन देऊ नका. त्यांचा हात अजून घडत असतो, आणि ताठ तारांवर शटल लांब घालवण्याच्या नादात ती खांद्याने ढकलायला शिकतात. ती सवय नंतर सुटता सुटत नाही.
- दहापैकी ४ पेक्षा कमी क्लिअर पट्ट्यात, ठिपके विखुरलेले: २० ते २२.
- ४ ते ७ पट्ट्यात, ठिपके बऱ्यापैकी जमलेले, आठवड्यातून दोन-तीनदा खेळ: २३ ते २४.
- ८ किंवा जास्त पट्ट्यात, ठिपके मध्यावर, बॅकहँडचा क्लिअरही मागच्या पट्ट्याच्या आसपास पोहोचतो: २५ ते २७.
- २८ च्या पुढे: नियमित प्रशिक्षण घेणारे स्पर्धा खेळाडू. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आंतरराष्ट्रीय खेळाडू ३० पाऊंडांच्या आसपास आणि त्याहूनही वर खेळतात, हे खरं आहे. पण त्यांच्या फटक्याचा वेग वेगळा, त्यांच्या पिशवीत तयार रॅकेट चार-पाच, आणि तार तुटली की ती पुन्हा ओढून देणारा माणूस मैदानातच बसलेला. त्यांचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

दोन आकड्यांमध्ये घुटमळत असाल तर खालचा घ्या. कमी टेन्शनवर खेळ शिकता येतो, आणि गटिंग पुन्हा करायची वेळ आली की एक पाऊंड वाढवता येतो. जास्त टेन्शनवर चुकीच्या सवयी लागतात आणि कोपरही दुखायला लागतं.

मग थोडं पुढेमागे करा. कोपर किंवा खांदा आधीच कुरकुरत असेल तर २ पाऊंड कमी. प्लास्टिकच्या शटलने खेळत असाल तर १ कमी, कारण त्याचा धक्का हाताला जास्त जाणवतो. रॅकेटचा दांडा कडक असेल आणि फटका अजून सावकाश असेल तर १ कमी. थंड हवेत नायलॉन ताठर आणि ठिसूळ होतं, तिथेही १ कमी केलेला सोसतो. उष्ण हवेत तारा मऊ पडतात, तिथे १ वाढवता येतो. या सगळ्या सवलतींची बेरीज करून १६ वर मात्र जाऊ नका. जास्तीत जास्त २ पाऊंडांचा बदल करा आणि थांबा.

पायरी ४: गट निवडा

‘गट’ हा शब्द जनावरांच्या आतड्यापासून तारा बनत त्या काळातला आहे. आता जवळपास सगळ्या तारा नायलॉनच्या असतात: मध्ये अनेक बारीक धाग्यांचा गाभा आणि वरून विणलेलं किंवा गुंडाळलेलं आवरण. एका रॅकेटला साधारण १० मीटर लागतात आणि सुटं पाकीट तेवढ्याचंच येतं.

नवख्याने बघायची मुख्य गोष्ट म्हणजे जाडी. बाजारात साधारण ०.६१ ते ०.७० मिमी मिळते. जाड तार टिकते, हाताला जरा बोथट लागते. बारीक तार चटकन उसळते, आवाज करते आणि लवकर तुटते. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ०.७० आणि ०.६५ मध्ये तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी कमी होतं. तितकं कमी सामान तोच ताण आणि तीच झीज सोसत असतं.

पहिल्या वर्षासाठी ०.६८ ते ०.७० घ्या. योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० ची तार इतकी वर्षं टिकून आहे ती याच कारणाने: स्वस्तात मिळते, टिकते, आणि २२-२४ वर तिचा स्वभाव समजायला सोपा आहे. थोडी जास्त कणखर आणि उसळती हवी तर त्यांचीच बीजी ८०, ०.६८ ची. बीजी ६६ अल्टिमॅक्स आणि ली-निंगची नंबर १ या ०.६५ च्या, तर एक्सबोल्ट ६३ ही ०.६३ ची. या तारा सुखाच्या आहेत, पण शटल कडेला लागणाऱ्या हातात त्या फार दिवस राहत नाहीत.

एक गोष्ट विसरू नका. तार बदलली की जुना आकडा तसाच लागू पडत नाही. बीजी ६५ वर २४ आवडलं म्हणून ०.६३ च्या तारेवरही २४ तसंच लागेल असं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, आकडा किंवा तार. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळायला मार्ग उरत नाही.

पायरी ५: गटिंग करणाऱ्याला काय सांगायचं, काय विचारायचं

नुसतं ‘२३’ म्हणून रॅकेट ठेवून येऊ नका. हे चार मुद्दे बोला.

पहिला, मशीन कोणतं आहे. इलेक्ट्रॉनिक मशीन आणि वजन टांगून चालणारं मशीन तार पकडीत जाईपर्यंत ओढ कायम ठेवतात. हाताने फिरवायचं, स्प्रिंगचं मशीन ठरलेल्या ओढीला पोहोचलं की कुलूप लावल्यासारखं थांबतं, आणि त्या क्षणापासून तार सैल व्हायला लागते. म्हणून दोन्हींवर २४ लावलं तरी स्प्रिंगच्या मशीनवरचं गटिंग हाताला साधारण १-२ पाऊंड कमी वाटतं. कुठलं मशीन चांगलं या वादापेक्षा दर वेळी त्याच माणसाकडून, त्याच मशीनवर करून घेणं महत्त्वाचं आहे. जागा बदलली की तुमचा आकडाही बदलला असं समजा.

दुसरा, आडव्या तारा. त्या उभ्या तारांपेक्षा १ ते २ पाऊंड जास्त ओढून घ्या. उभ्या २३ असतील तर आडव्या २४. यामागे कारण आहे. आधी उभ्या तारा ओढल्या जातात, तेव्हा डोकं वरून खाली दबतं आणि बाजूंना फुगतं. आडव्या तारा ते पुन्हा आत ओढून मूळ आकारावर आणतात. शिवाय आडवी तार उभ्या तारांमधून वर-खाली विणत न्यावी लागते, त्या घर्षणात तिची थोडी ओढ वाया जाते. मशीनचा आधार फ्रेमला सहा ठिकाणी असेल तर उत्तम. दोनच ठिकाणी असेल तर २४ च्या वरचं गटिंग तिथे करू नका.

तिसरा, गाठी. एकाच सलग तारेत गटिंग केलं तर दोन गाठी येतात, उभ्या आणि आडव्या तारा वेगळ्या घेतल्या तर चार. चार गाठींच्या पद्धतीत आडव्या तारा सोयीच्या टोकापासून सुरू करता येतात आणि दोन्ही ताण वेगळे सांभाळणं सोपं जातं. दोन गाठींच्या पद्धतीतही चांगलं गटिंग होतं. करणाऱ्याच्या हातात जी बसलेली असेल ती त्याला करू द्या.

चौथा, ग्रोमेट. फ्रेमच्या भोकांत बसवलेल्या प्लास्टिकच्या बारीक नळ्यांना ग्रोमेट म्हणतात. तार त्यातून जाते, म्हणून तिला कार्बनची धार लागत नाही. तुटलेली, चेपलेली, फाटलेली प्रत्येक नळी बदलून घ्या. नवी तार दोन दिवसांत कडेच्या भोकापाशी तुटली तर बहुतेक वेळा दोष तारेचा नसून तिथल्या ग्रोमेटचा असतो. चांगला कारागीर हे न सांगता बघतो. तरी सांगायचंच.

शेवटी मुठीजवळ एक चिकटपट्टी लावून तिच्यावर तार, उभं-आडवं टेन्शन आणि तारीख लिहून ठेवा. ‘बीजी ६५, २३/२४’ एवढं पुरे. पुढच्या वेळी हीच नोंद तुमच्या कामाला येणार आहे.

पायरी ६: रॅकेट हातात आल्यावर

गटिंगला देण्याआधी डोक्याची लांबी आणि रुंदी पट्टीने मोजून ठेवलेली असावी. परत आल्यावर पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. डोकं डोळ्यांना दिसेल इतकं रुंद आणि बुटकं झालं असेल, किंवा लांबट निमुळतं झालं असेल, तर उभ्या-आडव्या ताणांचा तोल बिघडलेला आहे. रॅकेट तिथेच दाखवा, घरी नेऊ नका.

तारा सरळ रेषेत आहेत का ते बघा. बोटाने कडेच्या दोन-तीन तारा दाबून पाहा. गाठीजवळची शेवटची तार बाकीच्यांपेक्षा थोडी सैल असतेच, कारण गाठ मारताना ओढ निसटते, पण ती लोंबत असता कामा नये. कुठेही तार लागोपाठ दोन तारांच्या वरून किंवा खालून गेलेली, अशी विणीतली चूक नसावी. अशा जागी तारा सरकत राहतात आणि तिथेच तुटतात.

मग दुसऱ्या रॅकेटच्या मुठीने या रॅकेटच्या तारांवर हलकेच ठोका आणि आवाज ऐका. हा आवाज लक्षात ठेवायचा आहे. तो ऐकून कंपनांची संख्या दाखवणारी मोबाइल ॲप मिळतात. त्यांचा पाऊंडांतला आकडा फार मनावर घेऊ नका, कारण तारेची जाडी आणि डोक्याचा आकार यांवर तो हलतो. पण त्याच रॅकेटचा पहिल्या दिवशीचा आकडा आणि महिन्यानंतरचा आकडा यांची तुलना उपयोगी पडते.

पहिले पंधरा दिवस

नवी तार पहिल्या दिवसापासूनच उतरते. हातात आल्यावर २४ तासांत एखाद-दोन पाऊंड जाणं अगदी नेहमीचं आहे. तुम्ही खेळलात किंवा नाही खेळलात तरी जातात. नायलॉन ताणाखाली हळूहळू लांब होतं, हे त्यामागचं कारण. पहिले काही दिवस ही उतरण जोरात होते, मग मंदावते. म्हणून पहिल्याच दिवशी ‘फार ताठ झालंय’ किंवा ‘झकास झालंय’ असा निर्णय नको. पाच-सहा वेळा खेळा, मग ठरवा.

ठरवायचं कसं? इथे थोडं थांबून एकेक लक्षण बघायला हवं, कारण एकाच तक्रारीमागे तीन कारणं असू शकतात.

*क्लिअर अर्ध्यावर पडतात, मध्यावर लागलं तरी फळीवर आपटल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी कोपराची बाहेरची बाजू दुखते.* टेन्शन जास्त आहे. पुढच्या गटिंगला २ पाऊंड उतरा. फक्त मध्यावर लागलेली शटल लांब जात असतील आणि कडेची मरत असतील, तर १ उतरला तरी पुरे. बाकीचं काम सरावाचं.

*ड्राइव्ह, म्हणजे नेटवरून सपाट जाणारा फटका, मारायला जावं तर शटल हवेत चढतं, ड्रिबल, म्हणजे नेटजवळचा हलका फटका, नेटवरून टम्म वर उडतो, नेहमीच्या हाताने मारलेला क्लिअर वीतभर बाहेर जातो.* टेन्शन कमी असण्याची शक्यता आहे. पण आधी दोन गोष्टी तपासा. शटलचा डबा वेगळा होता का? वेगवान शटल प्रत्येक रॅकेटवरून बाहेरच जातं. आणि हे पहिल्यापासून होत होतं, की महिनाभर ठीक चालल्यावर सुरू झालं? नंतर सुरू झालं असेल तर तुमचा आकडा बरोबर होता, फक्त तारा म्हाताऱ्या झाल्या. त्याच आकड्यावर पुन्हा गटिंग करा. पहिल्यापासूनच होत असेल तर १ पाऊंड वाढवा.

*तारा सारख्या सरकतात, प्रत्येक रॅलीनंतर बोटांनी सरळ कराव्या लागतात.* सैल तारा सरकतात, पण आवरण झिजून गुळगुळीत झालेल्या तारा जास्त सरकतात. फुल्यांवर खोल खाचा दिसत असतील तर हा झिजेचा प्रश्न आहे.

*तार वरच्या कडेजवळ तुटते.* हा टेन्शनचा प्रश्न क्वचितच असतो. कडेजवळ तारेला दबायला जागा नसते, धक्का थेट तिच्यावर येतो आणि ती कात्रीने कापल्यासारखी जाते. शटल उशिरा किंवा फार उंचावर गाठलं जातंय, एवढाच त्याचा अर्थ. ०.७० ची तार घ्या, १-२ पाऊंड उतरा आणि खडूची चाचणी पुन्हा करा. तार मध्यावर तुटत असेल तर तक्रारीचं कारण नाही. ती वापरून संपली.

*आवाज येत नाही.* यासाठी टेन्शन वाढवू नका. आवाज हवा असेल तर तीच ओढ ठेवून एक श्रेणी बारीक तार घेऊन पाहा.

टेन्शन चढवताना बदल नेहमी एका पाऊंडाचा. २ पाऊंड उतरणं सोपं असतं, हात लगेच सुखावतो. २ पाऊंड चढणं मात्र जड जातं: स्वीट स्पॉट लहान होतो, टायमिंग चुकायला लागतं, आणि चूक टेन्शनची की हाताची हे ओळखू येत नाही. २३ वरून २४ वर गेलात की दोन-तीन गटिंग तरी तिथेच काढा.

दुहेरीत पुढे उभं राहून झटपट ड्राइव्ह मारणाऱ्याला ताठ तारा सोयीच्या असतात, कारण तिथे शटलला जोर बऱ्याचदा समोरूनच मिळतो. मागून दिवसभर स्मॅश आणि क्लिअर मारणाऱ्याला एखादा पाऊंड कमी सुखाचा. दोन रॅकेट असतील तर सुरुवातीला दोन्हींवर एकच तार आणि एकच आकडा ठेवा. सामन्याच्या मध्यात तार तुटली तर दुसरी रॅकेट अनोळखी वाटू नये.

तारा कधी बदलायच्या, तुटल्या तर काय करायचं

तुटेपर्यंत थांबायचं नसतं. आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग, हा ढोबळ हिशेब शिकाऊ खेळाडूला पुरतो. आवाज बसला, ॲपमधला आकडा पहिल्या आठवड्यापेक्षा बराच खाली आला, खाचा नखाला लागायला लागल्या, की बदला. रॅकेट उन्हात बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने तारा उतरतात आणि फ्रेमलाही ते मानवत नाही.

तार तुटलीच तर खेळ तिथेच थांबवा. एक तार गेली की तिच्या शेजारच्या तारांची ओढ सुटते, पण बाकीच्या तारा फ्रेमला पूर्ण जोराने खेचतच असतात. ही एकांगी ओढ डोकं वाकडं करते. जास्त टेन्शनवर आणि हलक्या रॅकेटमध्ये फ्रेम तडकूही शकते. कात्री घ्या आणि मध्यापासून सुरुवात करा: मधल्या एक-दोन उभ्या तारा, मग मधल्या एक-दोन आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, असं चारी बाजूंना सारखं बाहेर जा. एका बाजूच्या सगळ्या तारा आधी कापू नका. कापताना डोळे जपा, ताणलेली तार उडते.

कापल्यावर तारांचे तुकडे ग्रोमेटमधून हाताने जोराने उपटू नका, नळ्याही त्यांच्याबरोबर येतात. ते काम गटिंग करणाऱ्यावर सोडा. रिकामी फ्रेम कितीही दिवस तशीच राहिली तरी तिला काही होत नाही, त्यामुळे त्याच संध्याकाळी दुकान गाठायची घाई नको. मात्र कात्री लावायच्या आधी तुटलेल्या जागेचा एक फोटो काढा, आणि चिकटपट्टीवरच्या तारखेशेजारी तुटल्याची तारीख लिहा. तार मध्यावर गेली की कडेला, आणि किती दिवसांनी गेली, हे बघून पुढच्या गटिंगचा आकडा ठरवता येतो.